टोमॅटियोची अढी

...नाही, पण मला सांगा, शेजारीण आपल्या परसातली भाजी पिशवी भरून आणून देते, हसून देते, आणि हा माणूस ती पिशवी अशी दोन बोटांत धरतो की जणू आत विंचू आहे? आमचा दिगंबर हो! मूळचा राजापूरचा, आता अमेरिकेत, क्युपर्टिनोत कॉम्प्युटर कंपनीत इंजिनिअर. शेजारीण म्हणजे ओफेलियाबाई, मेक्सिकोची, आणि पिशवीत काय, तर टोमॅटियो. लहान टोमॅटोएवढी हिरवी फळं, प्रत्येकाभोवती कागदासारखं सालपट. दिगंबरने एक सोललं तर आत चिकट. झालं. "शरयू, हात लावू नकोस. ह्यात काहीतरी काळंबेरं आहे."

शरयू म्हणजे त्याची बायको, लग्न होऊन नुकतीच तिकडे गेलेली. तुम्हाला सांगतो, ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट, तेव्हा मराठी माणूस भेटायचा तर गाडी काढावी लागे, आणि शरयूला ड्राइव्ह करता येत नाही, इंग्रजी बोलायची लाज, दिवसभर भिंतींशी गप्पा. "दिवाळीला जाते ती परत येत नाही," असं तिने सरळ सांगून टाकलेलं, तिकीट काढलेलं, आणि ती खरंच येणार नाही ह्या भीतीने दिगंबर अर्धा झालेला. अख्ख्या अमेरिकेत तिला हसवणारी बाई एकच, ती ही ओफेलिया. एकीला दुसरीची भाषा येत नाही, तरी कुंपणापाशी तास तास उभ्या. मग त्या बाईला दुखवून चालेल का? नाही ना? हे दिगंबरलाही कळतं, पण संशय गप्प बसू देईल तर...

"फुकट का देते? अमेरिकेत कोण कुणाला फुकट देतं? आणि चिकट आहे म्हणजे काहीतरी फवारलेलं असणार. पानं बघितलीस का? धोतऱ्याच्या जातीची वाटतात यार." शरयू बिचारी म्हणाली, "अहो, कच्चे टोमॅटो असतील, कूट घालून चटणी करते ना." "कच्चे! सापडलं! पिकायच्या आधीच तोडून आपल्या गळ्यात मारते."

मग राजापूरच्या माणसाने काय करावं? अढी घातली हो, आंब्याला घालतात तशी! गॅरेजमध्ये खोकी मांडली, पेंढा कुठे मिळेना, तर पाळीव प्राण्यांच्या दुकानातून सशांसाठीचा आणला. दुकानदार विचारतो, "हाउ मेनी रॅबिट्स?" हा म्हणतो, "नो रॅबिट्स. टोमॅटोज." रोज ऑफिसातून आला की बूटसुद्धा न काढता गॅरेजमध्ये, एकेक फळ उचलून हुंगणार, दाबणार, लाल झालं का? नाही. आठवडा गेला, लाल नाही. "बघ, पिकतसुद्धा नाही. ह्यात काहीतरी काळंबेरं आहे." आणि कुंपणावरून ओफेलिया विचारते, "यू लाइक, मिस्टर डिगांबर?" तर हा छाती पुढे काढून, "व्हेरी टेस्टी!" आता आवडलं म्हटल्यावर ती बाई दुप्पट देणार की नाही? खोक्यावर खोकी चढली.

एका शनिवारी ओफेलिया शिडी मागायला आली, आणि गॅरेजचं दार उघडं. आतून आंबूस वास. तिने पेंढा बाजूला केला, तर तिचे सगळे टोमॅटियो, सालपटासकट, पिवळे पडून ओळीने झोपलेले. एक हातात घेऊन म्हणाली, ही फळं हिरवीच खायची असतात, पिवळी पडली की ती चव गेली. मग अगदी हळू, "यू सेड टेस्टी." चेहरा उतरला हो तिचा. वळली ती जायला. दिगंबरने हिशेब केला, मैत्रीण गेली म्हणजे बायकोही गेली.

तेवढ्यात शरयू पुढे झाली. आजवर 'थँक्यू'च्या पुढे न गेलेली बाई, मोठ्याने म्हणाली, "ओफेलियाताई, ही इज मॅड. आय ॲम हंग्री."

ओफेलिया बघतच राहिली, मग हसत सुटली आणि शरयूला हाताला धरून घरी घेऊन गेली. मागोमाग दिगंबर. तिथे तवा तापलेला, त्यावर ओफेलियाने टोमॅटियो, मिरच्या, कांदा, लसूण सगळं भाजून काढलं आणि दगडी खलात घातलं. शरयूने तो खल स्वतःकडे ओढला, कुटायला लागली, आणि कुटता कुटता रडू फुटलं तिला. "आमच्याकडे असंच करतात हो ताई," मराठीतच सांगत होती, आणि ओफेलिया मान डोलवत वरून कोथिंबीर टाकत होती. दिगंबर दारातून म्हणतो, "ह्यात चिकनचं पाणीबिणी नाही ना? काहीतरी काळं..." "काळं आहे ते मिरचीचं साल आहे," शरयू म्हणाली, "खा मुकाट्याने." खाल्लं. मक्याच्या पोळ्या संपेपर्यंत खाल्लं.

तिकीट कॅन्सल झालं, शरयू राहिली. दिगंबर सुटला म्हणाल? कसला सुटतो! शरयू आता दिवसभर तिकडेच. हा संध्याकाळी दमून येतो तर घरात भांडं थंड. जेवायचं तर शेजारची बेल वाजवायची. ओफेलियाबाई दार किलकिलं करते, ह्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळते आणि आत वळून विचारते, "दॅट मॅन इज हियर. गिव्ह फूड?"

आणि तुम्हाला सांगतो, शरयू लगेच हो म्हणत नाही.