तासाभराच्या निकालाचं झेंगट

आणि वर म्हणतात, नवं यंत्र आलं, आता काय, मजाच मजा! कसली डोंबलाची मजा? तुम्हाला सांगतो, आमची वहिनी आइस्क्रीमच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. मालात पोट बिघडवणारे जंतू आहेत का, ते बघायचं. पूर्वी निकालाला आठवडा लागायचा. तोवर माल गारठ्यात पडून, माणसं आपापल्या कामाला, वहिनीच्या दारात काळं कुत्रं फिरकत नसे! आता? संध्याकाळी नमुना कसल्याशा पौष्टिक रसात घालून उबेला ठेवायचा, म्हणजे जंतू असलेच तर रात्रभर खाऊनपिऊन भरमसाट वाढतात... शत्रूचा पाहुणचार हो, अगदी जावयासारखा! आणि सकाळी यंत्रात घातलं की तासाभरात निकाल. तासाभरात म्हटल्यावर काय... अख्खा कारखाना दारात! "झालं का?"

परवाचंच घ्या. माल जायचा होता मुलांच्या इस्पितळात. व्हॅनवाला इंजिन सुरू ठेवून उभा. "ताई, झालं का?" "अहो, आत्ता कुठं झाकण लावलं!" "नाही, सहज विचारलं." तो जातो न जातो तोच पॅकिंगच्या मावशी, डोक्याला जाळी, "बाई गं, झालं का?" मग मॅनेजर. ते विचारत नाहीत, ते घड्याळाकडे बघतात, मग वहिनीकडे, मग परत घड्याळाकडे... आणि मग विचारतातच! "झालं का?" आता यंत्र म्हणजे काय कुकर आहे, शिट्टी द्यायला?

आणि झालं! पडद्यावरची रेघ सरळ चालली होती, ती जी उठली ती वरच चढत सुटली. जंतू! आपलाच हात कुठे लागला का? शेजारी ताळ्यासाठी नमुना न घालता नुसत्या रसाची नळी ठेवलेली असते, ती बघितली, स्वच्छ! तरी तिनं रात्रभर उबवलेल्या त्याच रसातला आणखी एक थेंब यंत्रात लावला. म्हणजे आणखी तासभर... दारात जत्रा! "झालं का? झालं का?" पुन्हा तीच रेघ, तशीच वर.

मॅनेजर म्हणाले, "यंत्र बिघडलंय."

"नाही बिघडलं."

"बरं, थोडेच असतील ना? थोडे असतील तर..."

"साहेब, थोडे की फार ते यंत्र सांगत नाही, आहेत एवढं सांगतं. आणि आजारी पोरांना थोडेसुद्धा नकोत."

"इस्पितळाला मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, आज आइस्क्रीम नाही. मी सही करणार नाही."

पेन खिशात टाकलं हो तिनं! सही नाही म्हणजे नाही. व्हॅनवाल्यानं इंजिन बंद केलं आणि खोकी उतरवायला लागला.

मॅनेजर मात्र हळूच स्टुलावर टेकले. एकदम मऊ आवाज. "मॅडम... काल चव बघायला म्हणून मी यातलेच दोन कप..." "दोन?" बाहेरून व्हॅनवाला ओरडला, "चार!" वहिनीनं त्यांना घरी पाठवलं, म्हणाली ताप-जुलाब झाले तर तडक डॉक्टर गाठा. तर हा माणूस दिवसभर फोन करून स्वतःच्या पोटाच्या बातम्या देतोय! "मॅडम, गुरगुरतंय... नाही नाही, ती भूक होती!" नशीब, पोट दगडाचं निघालं.

पुढे शोधाशोध झाली, कप भरायच्या नळीतली रबरी चकती चिरलेली सापडली, जंतू तिथंच घर करून बसलेले. जुन्या पद्धतीच्या तपासणीतही तेच आलं. मग मालक स्वतः आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही लेकरांना वाचवलंत, आमचीही अब्रू राखलीत!" टाळ्या! वहिनीचे डोळे भरून आले. मालकांनी यंत्राभोवती कौतुकानं एक फेरी मारली, पाठीमागे हात बांधले आणि म्हणाले, "पण काय हो बाई, निकाल जर तासाभरात लागतो... तर बाकीचा दिवस तुम्ही करता काय?"

घ्या! तेव्हापासून दुपारी गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोनसुद्धा वहिनीच घेते.