देवाजीच्या गाडीचं पुढचं उजवं चाक

जयभीम. बसा, सगळे बसा. मागच्यांनी थोडं आत सरकून घ्या.

सावरगावच्या या विहारात मी पुष्कळदा आलो, पण बोलायला कधी उभा राहिलो नाही. मी सौंसरचा टायर मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत. टायरचं काम मला कोणी शिकवलं नाही. फाटके टायर कापून, उलटे करून, मी ते स्वतः शिकलो. म्हणून आज जे सांगतो ते नीट ऐका. दुसऱ्यांदा सांगणं मला जमणार नाही.

देवाजीभाऊला जाऊन आज पाच दिवस झाले. त्याच्या गायन पार्टीची जुनी बस तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. सीटा काढून बसवलेले फळ्यांचे पलंग, मागे स्टोव्ह, पाण्याचा ड्रम, दोरीवर वाळत घातलेली लुगडी. चार-चार महिने नऊ माणसं त्या गाडीतच राहायची. घरोघरी टेप आला, तरी देवाजीची पार्टी येऊन राहिली म्हटलं की गाव गोळा व्हायचं. लोक त्याला गायक म्हणत. मी त्याला ड्रायव्हर म्हणतो. आणि मी सहजासहजी कोणाला ड्रायव्हर म्हणत नाही.

टायर फुटला तर काय करायचं, हे त्याला मीच सांगितलं होतं. दुकानासमोर खाटेवर बसवलं, हातात ताट दिलं. ताट म्हणजे स्टेअरिंग.

"आवाज झाला का पाय आपोआप ब्रेकवर जाते. जाऊ द्याचा नाही. ब्रेक दाबला का गाडी फिरलीच समज."

"मंग काय करू मिस्त्री? गाणं म्हणू?"

"म्हण. पण दोन्ही हातानं धर. एक्सिलेटर एकदम सोडू नको. गाडी सरळ होऊ दे, मंग हळूहळू पाय उचल. तुह्या पाठीवर घर आहे, देवाजी. ड्रम आहे, पेट्या आहेत, माणसं झोपली राहतात. ट्रकवाल्याच्या दुप्पट सबुरी धरा लागते."

त्या दिवशी त्याने हे सगळं केलं. एकही गोष्ट चुकवली नाही. जामसांवलीच्या पुढे, भर दुपारी, पुढचं उजवं चाक फुटलं. कौसल्यावहिनी त्याच्या सीटमागेच बसल्या होत्या. वहिनी, माफ करा, मी तुम्हाला तीन-तीनदा विचारलं. ब्रेक दाबला? नाही. स्टेअरिंग सोडलं? नाही. गाडी उजवीकडे ओढत होती आणि समोरून भरलेली बस येत होती. ती बस निघून जाईपर्यंत त्याने गाडी आपल्या बाजूला धरून ठेवली. वेगही बराच उतरला होता. पण पुढे वळण होतं, आणि नुसत्या रिंगवर चाललेलं चाक वळलं नाही. चिंचेचं झाड उजव्या हाताला होतं. ड्रायव्हरच्या बाजूला.

आठ माणसं चालत बाहेर आली.

मग देवाजी कसा गेला? कोणी म्हणतं नशीब. कोणी म्हणतं ऊन. मी तो टायर पाहिला. इंच इंच पाहिला.

टायरला चीर पडली की आम्ही आतून जुन्या टायरचा तुकडा बसवतो. त्याला गेटर म्हणतात. गेटरचा टायर मागच्या जोडचाकात, आतल्या अंगाला चालतो. शेजारचं चाक भार घेतं. पुढे तो कधीच लावायचा नसतो. कधीच नाही.

त्याच दुपारी देवाजी लोधीखेड्याहून आला, माझ्या दुकानासमोर थांबला. म्हणाला, "तिकडं पुढचा टायर गेला, मिस्त्री. स्टेपनी लावली. पांढुर्ण्यात पोचलो का बदलतो. लोकं वाट पाहून राहिले."

मी चाक पाहिलं. स्टेपनीत माझाच गेटर होता. तेव्हाच त्याच्या हातातली चावी काढून घ्यायची होती. आणि मी काय म्हटलं?

"माह्या हातचा गेटर आहे. जा."

तो हसला. "म्हणून तं निघालो."

वहिनी, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं.

आणि बाकीच्यांनो, माझं हे वाक्य तुम्हीही ऐकलं आहे. टपरीवर ऐकलं, बाजारात ऐकलं. मोठ्या ऐटीत मी ते म्हणत आलो, आणि तुम्ही विश्वास ठेवत आला. मला भीती त्याचीच आहे. गेटर बसवलेल्या टायरवर मी पांढरा ठिपका देतो. आज आत येण्याआधी मी बाहेरच्या सगळ्या गाड्यांची चाकं पाहिली. दोन गाड्यांना पांढरा ठिपका पुढच्या चाकावर आहे. एकाला बाजूने फुगवटा आला आहे, गळवासारखा. हात लावला. अजून गरम होता.

भाऊराव, बसा. उठू नका. हो, तुमचाच टेम्पो. बायका-लेकरं भरून आणली तुम्ही त्यात.

काय म्हणता? हळू नेतो?

देवाजीही हळूच नेत होता, भाऊराव.

त्या दोन्ही चाकांची हवा मी सोडली आहे. पाना आणि जॅक सोबत आणला आहे. ते टायर मी माझ्या हाताने काढीन आणि माझ्याच हाताने कापीन. तोवर त्या गाड्या सावरगावातून हलणार नाहीत. ज्याला शिव्या द्यायच्या त्याने नंतर द्याव्या, मी बाहेरच आहे.

आधी उभे राहा. दोन मिनिटं, कोणी बोलू नका.

देवाजीभाऊ, तुझे हात चुकले नाहीत. माझी जीभ चुकली. जयभीम.