डावी टाच

आदरणीय अध्यक्ष श्री. प्रबुद्ध जाधव साहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले मणक्याचे सर्जन डॉ. देवव्रत आजगावकर, त्यांच्या सौभाग्यवती कमळताई, थिएटरमधल्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय आणि समोर बसलेले माझे बंधू-भगिनी, आपणा सर्वांना नाहूरच्या सुगंधा श्यामकांत घाडी हिचा नमस्कार.

माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. घर सांभाळते, घरचा जमाखर्च लिहिते, देवाचं करते. माईकसमोर यापूर्वी बोलले ती फक्त हळदीकुंकवाला, तेही उखाण्यापुरतं. म्हणून गणरायाचं नाव घेऊन सुरुवात करते.

माझ्याआधी जे बोलले, त्यांची ऑपरेशनं यशस्वी झाली होती. कुणी वाकून येत होते ते ताठ झाले, कुणी पुन्हा कामावर लागले. ऐकून डोळे भरून आले. मग तुम्ही म्हणाल, या बाईंचं कोण बरं झालं? तर कुणीच नाही. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, “माझ्या निरोपाला एक तरी माणूस असं बोलू दे, ज्याचं काम माझ्या हातून पुरं झालं नाही.” म्हणून मला बोलावलं. डॉक्टरांच्या विभागातल्या डॉ. जान्हवी मॅडम बोलवायला घरी आल्या तेव्हा मी नाहीच म्हणत होते. पण डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं. ते द्यायला आले आहे.

आमची श्रुतिका. वयात येताना तिचा कणा वाकायला लागला. आधी मला वाटलं, दप्तराचं ओझं. पोलक्याची एक बाजू सारखी वर जायची, मी शिलाई उसवून पुन्हा घालून द्यायची. शिवणाचा दोष नव्हता हे कळेपर्यंत पाठ चांगलीच वळली होती. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूंनी सळ्या घालून कणा सरळ करू. मी कुलदेवतेला नवस बोलले. सरळ पाठीची मुलगी तुझ्या ओटीला आणीन, असे शब्द होते.

ऑपरेशनच्या दिवशी आत काय झालं, ते मला नंतर कळलं. आपल्याकडे कणा सरळ करताना पायांकडे जाणारा संदेश मशीनवर बघत बसतात. त्या दिवशी तिथे निलेश होते. ते बसलेत बघा मागे. ते म्हणाले, “सर, थांबा. डावा पाय गेला.” डॉक्टरांचा नियमच आहे, खोलीतल्या कुणीही थांबा म्हटलं की हात वर. हात वर झाले. रक्तदाब तपासला, सळ्या ढिल्या केल्या, तरी संदेश येईना. मग भूल हलकी करून पोरीला हाक मारली. “श्रुतिका, पाय हलव.” उजवा हलला, डावा नाही. डॉक्टरांनी सळ्या काढून घेतल्या. पुन्हा हाक मारली. डावा अंगठा हलला. आणि त्यांनी पाठ होती तशी शिवून टाकली.

बाहेर येऊन सांगायला त्यांनी कुणा ज्युनियरला पाठवलं नाही. स्वतः आले. डोक्यावरची टोपी हातात. आमचे हे एरवी शब्द मोजून बोलणारे, पण तेव्हा तोंडून आपसूक मालवणी बाहेर पडली, “आमच्या चेडवाक सरळ करूक नेलात, नि तसाच परत हाडलात?” म्हणजे पोरीला सरळ करायला नेलंत, आणि तशीच परत आणलीत?

डॉक्टरही आमच्याच बाजूचे. म्हणाले, “व्हय. पण ता चलतला.” हो, पण ती चालेल.

मला नवस आठवत होता.

वर्षभराने पुन्हा प्रयत्न करायचा होता. पण तोवर छातीचा पिंजरा आवळत चालला होता. फुप्फुसाच्या डॉक्टरांनी हात जोडले, म्हणाले हिला भूल झेपणार नाही. तो रस्ता तिथे बंद झाला.

पण पोरगी गप्प बसणारी नव्हती. तपासणीला आली की डॉक्टर म्हणायचे, “काय गं, सरळ उभी राहा की!” आणि ही, “ते काम तुमचं होतं ना, डॉक्टर!” मी तिला चिमटा काढायची, डॉक्टर मात्र मोठ्याने हसायचे. आता हसत नाहीयेत. असू दे.

भांडुपला बालवाडीत शिकवायला लागली. जायची चालत, यायची चालत. रिक्षा कर म्हटलं तर म्हणे, “तूच शिकवलंस ना गं वाचवायला?” मैत्रिणींबरोबर जुहूला जायची आणि माझ्या पुसलेल्या लादीवर वाळू घेऊन यायची. किती ओरडले असेन मी त्या वाळूवरून! एका अंगाला कलून चालायची, त्यामुळे तिच्या चपलेची डावी टाच आधी झिजायची. मी नवी चप्पल घ्यायची नाही, टाचेला ठिगळ लावून आणायची. त्यावर म्हणे, “आई, माझी उजवी टाच अजून कॉलेजात आहे आणि डावी पेन्शनीत निघाली.”

गेल्या मार्गशीर्षात सर्दी झाली. साधी सर्दी. छातीत उतरली, आणि आत जागाच नव्हती. गुरुवारची पूजा मांडलेली तशीच राहिली.

आपल्या विभागात महिन्यातून एका शनिवारी सभा असते. त्यात पेढे नसतात. जे ऑपरेशन मनासारखं झालं नाही, तेच मांडतात. काय दिसलं, काय निसटलं, पुढच्या पेशंटला ते होऊ नये म्हणून काय करायचं. घरच्यांनाही बसू देतात. श्रुतिका होती तेव्हा ती स्वतः एकदा बसली होती. तिने विचारलं होतं, “पाठ की पाय, असा प्रसंग आला तर काय करायचं, हे मला आधी का नाही विचारलं?” तेव्हापासून इथे प्रत्येक पेशंटला खुर्चीवर बसवून आधी विचारतात. डॉ. जान्हवी मॅडम, तुमच्या हातात आता हा विभाग आहे. तेवढं मोडू नका.

ती गेल्यावरच्या शनिवारी मी गेले होते. शिकाऊ डॉक्टरांनी खोली भरलेली. डॉक्टर उभे राहिले आणि त्यांच्यासमोर मला म्हणाले, “ताई, त्या दिवशी मी थांबलो. पुढे गेलो असतो तर बहुधा पाय गेले असते, पण कदाचित श्वास राहिला असता. मी बरोबर केलं का?”

मी पिशवी उचलली आणि निघून आले. त्याबद्दल मी आज माफी मागत नाही, डॉक्टर. आई होते मी. मला अजूनही राग येतो. कधी तुमचा, कधी देवाचा, बहुतेक वेळा कुणाचा ते ठरत नाही. नवसाचं म्हणाल तर ओटी मी भरून आले. देवीला म्हटलं, पाठीचं राहू दे.

आमच्या घरी वस्तू वाया घालवायची पद्धत नाही. श्रुतिकाचे ड्रेस धुऊन, इस्त्री करून देऊन टाकले. छत्री शेजारच्या दिपालीला दिली. चप्पलही तिलाच देणार होते, मापही एकच. तिने घातली, दोन पावलं टाकली आणि म्हणाली, “काकू, डावीकडे पडल्यासारखं होतं.” बिचारीने हळूच काढून ठेवली. खरंच आहे. ठिगळावरचं ठिगळसुद्धा एका बाजूने झिजून गेलं आहे. ती चप्पल आता दुसऱ्या कुणाच्या पायात बसायची नाही. दाराआड तशीच आहे. व्यासपीठावर चप्पल आणत नाहीत, नाहीतर आज शालीऐवजी तीच दाखवायला आणली असती.

डॉक्टर, बरोबर की चूक, ते मी काय सांगणार? तुम्ही पुढे गेला असतात तर ती आज असती का, हेही मला कधी कळणार नाही. तुम्हालाही कळणार नाही. आपण दोघांनी ते असंच घेऊन जायचं आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या चपलेची टाच झिजत नाही हो. माझ्या पोरीची झिजली. एवढंच उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मी तुमच्याकडे पोचतं केलं.

अध्यक्ष महोदयांनी मला ठरल्यापेक्षा जास्त वेळ बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी आपली ऋणी आहे. निलेशदादा, तुम्ही त्या दिवशी ‘थांबा’ म्हणालात, म्हणून माझी पोर चालली. ते तुम्हाला सांगायचं कधीपासून राहिलं होतं. कमळताई, डॉक्टरांना घेऊन एकदा घरी या, जेवायलाच या.

बोलण्याची सवय नाही. कुठे जास्त बोलले असेन, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर एका आईचं बोलणं म्हणून पदरात घ्या. डॉक्टरांच्या हातांना देव आता विश्रांती देवो.

नमस्कार.