शिवेबाहेरचा सौदा

—दाराकडं बघू नका सर, दार नवं बसवलंय, रंग जरा उजळ दिसतो, एवढंच. मशीन बघा. गाडी घ्यायची तर मशीन बघत्यात, तुमी आपलं दारच धरून बसलाय. डिझेल हाय, पन आवाज ऐकलात ना? बसा. बन्सी, सरांना बिनसाखरेचा चहा दे रे. भागवत म्हनून घोडेगावात कुनालाबी विचारा, कुनी वाकडं बोलनार न्हाई.

घरी का न्हाई दाखवली? घर शिंगणापुरात, पन तिथं गर्दी, गाडी फिरवायला जागा न्हाई — आता आज मंगळवार, गर्दी नसती, हे बी खरं. बरं, सांगतो. देवाच्या शिवेत आमी सौदा करत न्हाई. शिवेत खोटं बोललेलं सोसत न्हाई, असं आमच्यात मानत्यात. म्हंजी मी खोटं बोलतोय असं न्हाई — बाहेर पन बोलत न्हाई. तुमी ख्रिस्ती मानसं, तुमाला आमच्या देवाचा काय जाच?

ऑईलची लाईट? कोन म्हनलं? वाल्मिक मिस्त्री? त्याला गिऱ्हाईक भेवडवल्याशिवाय जेवन जात न्हाई. लागायची लाईट, लाल, किटलीचं चित्र असतं बघा, ते. पहिल्यांदा लागली तवा मी गाडी बाजूला घेतली, पट्टी काढून बघितली — ऑईल फुल. ऑईल फुल हाय म्हंजी लाईट खोटी. कुनीबी हेच म्हनंल का न्हाई? वाल्मिक म्हनला, ऑईल खाली पडून हाय, वर चढत न्हाई. पंपाला फिरवनारी बोटाएवढी दांडी असती म्हनं, तिचे कोपरे झिजून गोल झाल्यात, ती नुसती घसरती, पंप जागच्या जागी. इंजिन उतरवावं लागंल, तवर गाडी चालवू नका. आता एवढ्याशा दांडीपायी अख्खं इंजिन उतरवायचं? म्हनलं, सवडीनं बघू. लाईटची वायर तेवढी काढून टाकली. मनकर्णा सारखी इचारायची — आमची मंडळी हो — अवो, ते लाल काय हाय, थांबा की जरा. वायर काढली, इचारायची बंद झाली.

मग इमामपूरच्या घाटात बंद पडली. आधी शिट्टी वाजल्यागत, मग खडखड, मग गपगार. स्टेअरिंग दगड झालं, ब्रेकवर उभा राहिलो तरी दबंना, गाडी आपली मागंमागं, रस्त्यात आडवी. मागनं उसाची ट्रॉली. चूक ट्रॉलीवाल्याचीच — पोलिसांनी तसंच लिवून घेतलं, मी बी तसंच सांगितलं. मनकर्णा मागं बसायची, पुढं बसलं की तिला मळमळायचं. आता दार कुठल्या बाजूचं ते तुमी बघितलंच. तिला अँब्युलन्समधी घातली, मी सहज चावी फिरवली, तर चालू. पहिल्या झटक्याला चालू. अशी मशीन हाय सर, घाटातनं आपल्या आपन घरी आली. ती न्हाई आली. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हनलं, काढून टाकू, दारात नको.

दांडी? बदलली की. बदलली म्हंजी — ऑईल नवं टाकलंय, एकदम भारीतलं. वाल्मिकला कशाला फोन लावताय, ठेवा तो मोबाईल.

तुमच्या मातोश्रींना डायलिसिसला न्यायचं म्हनलात ना? नगरलाच? घाटातनंच जावं लागंल मग. व्हय.

काय म्हनता? त्यांना आत्ता मागं बसवायचं, आन मी नगरपतुर चालवून दाखवायची?

मी न्हाई चालवत. — न्हाई, शेजारी पन बसत न्हाई. इथवर भाच्यानं आनली, मी एस्टीनं आलो. तसं काय कारन न्हाई, नको वाटतं. त्यात तुमी एवढं टक लावून काय बघताय?

उठा सर. चहाचं मी बघतो. तुमच्याच्यानं सौदा व्हायचा न्हाई, तुमी इचारता लई. नेवाशाचं गिऱ्हाईक यायलंय, लेकीला सासरी धाडायला गाडी पायजे त्याला. त्यानं फोनवर नुसता रंग इचारला.