चालता कचरा

(शाळेमागचा ओढा. काठावर बादली, ब्रश आणि घासूनपुसून रचलेली दगडांची रास.)

बाई : सगळे दगड घासलेस? एकूण एक?

टापटीप : तळाचेसुद्धा, बाई! आईचा भांड्यांचा ब्रश आणला होता.

बाई : वर्ग तुला टापटीप म्हणतो ते उगीच नाही. अगं, त्या दगडांखालीच जीव राहतात! आत्ता पालिकेचे साहेब येतील. इथल्या तीन जातींचे जीव दाखवले नाहीत, तर मेलेला ओढा म्हणून यावर स्लॅब पडेल.

टापटीप : पण फळ्यावर तुम्हीच लिहिलंय, "ओढा स्वच्छ करू या". केवढ्या मोठ्या अक्षरात!

बाई : लिहिलं खरं. माझीच अक्कल चरायला गेली होती.

साहेब : नमस्कार बाई. ओढ्याची पाहणी करायला आलोय. काय काय आहे, दाखवा भराभर.

बाई : हा खेकडा. आणि हे मासे, इथलेच, कुणी आणून सोडलेले नाहीत.

साहेब : दोन झाले. तिसरा?

बाई : तिसरा... काल होता.

साहेब : कालचा आज कसा लिहू? मलाही वर उत्तर द्यावं लागतं हो.

टापटीप : बाई, माझा कचरा पळतोय!

बाई : तू जरा गप्प बस.

टापटीप : अहो, खरंच! दगडांना काड्या चिकटल्या होत्या, त्या खरवडून मी बादलीत टाकल्या. ही बघा, एक चालायला लागली. पाय आहेत तिला!

बाई : बघू? अगं माझे आई! साहेब, इकडे या. ही अळी आहे. वाळू नि काड्या चिकटवून अंगाभोवती घर बांधते. घाण पाण्यात जगत नाही ही.

साहेब : अरे वा, घरासकट फिरायला निघाली की! नाव काय लिहू?

टापटीप : चालता कचरा!

साहेब : बरं, तेच लिहितो. पुढे "अळी" जोडतो, नाहीतर वरचे मला हसतील. झाले तीन. स्लॅब नको, असा शेरा मारतो.

टापटीप : बाई, मी त्यांची घरं मोडली का हो?

बाई : मोडली नाहीस, पण हलवलीस. बादली हळूच ओत, दगड होते तसे लाव.

टापटीप : आणि ब्रश?

बाई : आईला परत दे. मग वर्गात जाऊन फळ्यावरचं "स्वच्छ" पूस.

टापटीप : त्या जागी काय लिहू?

बाई : नांदता.