लाल शीड

(रात्रीचे अडीच. सिनेमा नुकताच सुटलाय. थिएटरबाहेर दोन जुने मित्र : एक दुकानांचे बोर्ड रंगवणारा पेंटर, दुसरा शाळामास्तर.)

पेंटर : ...आणि ती तोफ! धडाम्! माझी खुर्ची हलली रे मास्तर!

मास्तर : खुर्ची मी ढकलली. तू शेजारच्या बाईंच्या पर्समध्ये पॉपकॉर्न ओतत होतास.

पेंटर : तरीच त्या खाकरल्या! पण मजा आली की नाही? सोळा वर्षं ताटकळत ठेवलं मेल्या चाच्यांनी!

मास्तर : आली. पण बाराच्याच शोचा हट्ट कशाला, ते कळलं नाही. सकाळी सहावीचा वर्ग आहे. रोज पोरं पेंगतात, आज मास्तर पेंगणार.

पेंटर : पहिला भाग पहिल्या शोला बघितला, मग दुसरा काय शिळा बघायचा? आणि शेवटी ते लाल शीड वर चढतं... काटा आला बघ अंगावर.

मास्तर : लाल?

पेंटर : लालभडक!

मास्तर : लाल शीड पहिल्या भागात होतं. यात ते सुरुवातीलाच जळतं.

पेंटर : हां, जळतं ना. मग परत नवीन लावतात.

मास्तर : बरं. आणि कप्तानाचा पोपट मेला तेव्हा?

पेंटर : नको रे आठवण काढूस. पाणी आलं डोळ्यांत.

मास्तर : या भागात पोपट नाहीच.

पेंटर : नाही तर नाही. एवढं काय त्यात?

मास्तर : धडा न वाचता हात वर करणारी पोरं मी वीस वर्षं बघतोय. बस इथे पायरीवर.

पेंटर : कुठे आहे पायरी?

मास्तर : ...माझा हात धर. हां. हळू. कधीपासून?

पेंटर : रात्रीचं दिसायचं गेलं, त्याला वर्ष झालं. दिवसा नळीतून बघितल्यासारखं दिसतं, समोरचं तेवढंच. ती नळीही बारीक होत चाललीय. डॉक्टर म्हणाले, औषध नाही.

मास्तर : आणि मग बाराचा शो कशाला?

पेंटर : अंधारात सगळेच चाचपडतात. मी एकटा उठून दिसत नाही.

मास्तर : वहिनींना सांगितलंस?

पेंटर : तिला वाटतं, मी वेंधळा झालोय. कप फुटला की ओरडते. ओरडू दे.

मास्तर : शाळेच्या बोर्डावरची ओळ तिरकी गेली, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, पिऊन कामाला येतोस. तू एक शब्द बोलला नाहीस.

पेंटर : दारुड्या पेंटरला लोक पुन्हा बोलावतात, मास्तर. आंधळ्याला कोण बोलावणार?

मास्तर : चुकलो रे मी.

पेंटर : जाऊ दे. ओळ तिरकी होतीच.

मास्तर : ते लाल शीड तुझंच आहे. पहिल्या भागाच्या वेळी याच भिंतीवर रंगवलं होतंस.

पेंटर : तीस फुटांचं! चार दिवस परांचीवर लटकलो होतो आणि तू खालून बोंबलायचास, ‘जहाज बुडतंय, डावीकडे घे!’ आज आत बसलो, पडद्यावर नुसता उजेड हलत होता आणि मला तेच दिसत राहिलं. आवाज नवे, चित्र तेच एक.

मास्तर : आधी सांगितलं असतंस तर कानात सगळं बोललो असतो.

पेंटर : तुझ्याबरोबर बघायचा होता रे. ऐकायचा नव्हता.

मास्तर : हं.

पेंटर : उद्या हिला सांगतो. तू फक्त शेजारी बस.

मास्तर : बसेन. शाळा सुटली की येतो.

पेंटर : एक विचारू? शेवटी सगळं थिएटर इतका वेळ गप्प का होतं?

मास्तर : म्हातारा कप्तान सुकाणू मुलीच्या हातात देतो आणि एकटा होडीत उतरतो. कोणीच काही बोलत नाही. मग नवं शीड उघडतं.

पेंटर : रंग?

मास्तर : निळा.

पेंटर : निळे पन्नास असतात. घाई करू नकोस, नीट सांग.

मास्तर : शाळेच्या खिडक्यांना तू मारला होतास ना, तो. मारलास तेव्हाचा नाही. दोन उन्हाळे खाऊन उरला होता, तसा.

पेंटर : थांब जरा... हां. दिसला.