पिस्तुलाची जुनी मूठ

तुम्ही हसाल, पण ते पिस्तूल घरात आल्यापासून मला धड झोप नव्हती. सासऱ्यांच्या मागे ते ह्यांच्या नावावर झालं. दिसायला आखूड, पण गोळी चांगली जाड. ह्यांना त्याचं भारी कौतुक! काळी मूठ हाताला नीट बसत नाही म्हणून देवळातले बाक करणाऱ्या गास गावच्या सुताराकडून शिसवी मूठ बसवून आणली. मी एकदा ठणकावून सांगितलं, "ह्या घरात एक तर ते राहील, नाहीतर मी!" पुढे राहिलो आम्ही दोघंही.

एका सकाळी हे कामावर गेल्यावर कपाट उघडलं, तर पिस्तुलाचा खण रिकामा. आमची लीना तेव्हा पाच वर्षांची.

"लीना, डॅडींच्या पिस्तुलाला हात लावलास?"

"थोडंसंच घेतलं. बाहुलीच्या उशीला."

मी तिच्या बाहुलीकडे धावले. बाहुलीची चादर कशीबशी उचलली, तर खाली त्या जुन्या मुठीच्या दोन काळ्या पट्ट्या!

"आणि बाकीचं कुठंय?"

"डॅडींनी पोलीस चौकीत नेलं. इलेक्शन आहे ना!"

खरंच की. निवडणुकीआधी लायसन्सवाल्यांना हत्यारं जमा करावी लागतात. फक्त मला सांगायचं तेवढं हे विसरले होते. मी मटकन खाली बसले, देवाचे आभार मानले आणि लीनाला घट्ट जवळ घेतलं.

ती माझ्या कुशीतूनच म्हणाली, "मम्मी, इलेक्शन संपून ते घरी आलं, की मग तू चौकीत जाणार?"